डॉक्टर, रिपोर्ट दाखवायलाही चार दिवस थांबायचं का?

प्रति,
डॉक्टरसाहेब आणि दवाखान्याचं नवं व्यवस्थापन,
ठाणे (पश्चिम)

सप्रेम नमस्कार.

तीन आठवड्यांपूर्वी मी हाताने लिहिलेलं एक पत्र तुमच्या काउंटरवर दिलं होतं. पोच मागितली, तर "पत्रं घेत नाही काकू, ॲपमध्ये फीडबॅकचा ऑप्शन आहे" असं म्हणून तिथल्या मुलीने ते माझ्याच हातात परत ठेवलं. घरी येऊन मी तो फीडबॅकही लिहिला. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असा मेसेज आला आणि पुढे काही नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. दवाखान्याचं नाव आणि तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या नावाला धक्का लावायचा नाहीये मला. गेली २६ वर्षं आमचं घर तुमच्या हातगुणावर चाललंय आणि ते मी कधी विसरणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या काचेच्या दारावर एक कागद लागला. 'वॉक-इन बंद. अपॉइंटमेंट फक्त ॲपवर. रिपोर्ट दाखवण्यासाठीही अपॉइंटमेंट आवश्यक.' खाली क्यूआर कोड. या तीन ओळींनी आमच्यासारख्या किती जणांचं काय झालं, ते तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही अशीच माझी समजूत आहे. तुम्ही केबिनमध्ये असता आणि आम्ही आत येऊच शकत नाही, तर पोचणार कसं?

आधी माझ्या घरचं सांगते.

माझ्या मिस्टरांच्या हृदयात २०१४ पासून कृत्रिम (मेकॅनिकल) झडप आहे. तुम्हाला हे मी सांगायला नको, पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना कळावं म्हणून लिहिते. अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर रोज घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी होऊ शकते, जास्त झाली तर रक्तस्राव. मधला रस्ता अरुंद. तो सापडावा म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी आयएनआर नावाची रक्ततपासणी करायची. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो, आमच्या ह्यांचा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा. आठवडाभर पालक-मेथी जास्त झाली की आकडा खाली येतो, एखादं अँटिबायोटिक सुरू झालं की वर जातो. आणि आकडा कळला की रात्रीची गोळी किती घ्यायची ते त्याच दिवशी ठरवावं लागतं, कारण गोळी रात्रीच घ्यायची असते.

इतकी वर्षं हे कसं चालायचं? सकाळी रक्त द्यायचं. संध्याकाळी सातला लॅबमधून रिपोर्ट घ्यायचा आणि तसंच चालत दवाखान्यात यायचं. कंपाउंडरकाका एक पेशंट बाहेर आला की दुसरा आत जायच्या आधी तो कागद तुमच्या टेबलावर ठेवायचे. तुम्ही कोपऱ्यात हिरव्या पेनाने लिहायचात, 'तोच डोस, ३ आठवड्यांनी पुन्हा'. कागद माझ्या हातात परत यायला दोन मिनिटं लागायची. असे कागद मी एका फाइलमध्ये तारखेने लावून ठेवलेत. आता त्यांत सगळ्यात वर जो आहे, त्याच्या कोपऱ्यात काही लिहिलेलं नाही.

तो गेल्या महिन्यातला. ह्यांची दाढ ठणकत होती म्हणून दाताच्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं होतं. मंगळवारी आयएनआर केला. साडेसहाला लॅबमधल्या बाईंचाच फोन आला, "ताई, आकडा ६ च्या वर आहे. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा." मी ह्यांच्याकडे बघितलं. सकाळी दात घासताना बेसिनमध्ये लाल दिसलं होतं, ते दाढेचं असेल असं आम्ही धरून चाललो होतो. दंडावर जिथे पिशवीचा बंद अडकवतात, तिथे निळा-जांभळा पट्टा उमटला होता.

ॲप उघडलं. 'रिपोर्ट दाखवणे' वर बोट ठेवलं. पहिला मोकळा स्लॉट शनिवार, सकाळी ११.२०. मंगळवारच्या रात्री घ्यायच्या गोळीचा निर्णय शनिवारी! फोन लावला. सात वेळा लावला. प्रत्येक वेळी तीच रेकॉर्ड, अपॉइंटमेंटसाठी आमचं ॲप डाउनलोड करा. मग ह्यांना रिक्षात घातलं आणि दवाखान्यात आले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, स्लॉटशिवाय सिस्टीम एंट्रीच घेत नाही." मी म्हटलं, एंट्री नको, आत यायचं नाही, हा एक कागद फक्त डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. तिने कागद हातात घेतला नाही. "सरांनी सांगितलंय, मध्ये कुणी यायचं नाही."

तिला मी बोल लावत नाही. वीस-बावीस वर्षांची पोर आहे, तिला जे सांगितलंय ते ती करते. पण तुमच्या केबिनचं दार तिथून दहा पावलांवर होतं. दाराआडून तुमचा आवाज येत होता, कुणाला तरी मीठ कमी करायला सांगत होतात. तेवढ्यात बॅगा घेतलेले औषध कंपन्यांचे दोन एमआर आत गेले. मी रिपोर्ट हातात धरून उभी होते.

सव्वाआठला आम्ही तिथून निघालो आणि हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो. रात्रभर ठेवून घेतलं, गोळी थांबवली, सकाळी पुन्हा रक्त तपासलं. आकडा उतरला. घरी आलो. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी केस लिहिताना मला पहिला प्रश्न विचारला तो हा: "तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला नाही का?" मी गप्प बसले. तुमच्याबद्दल परक्या माणसासमोर तक्रार करायला माझी जीभ रेटली नाही.

आमचं निभावलं. सगळ्यांचं निभावेलच असं नाही, म्हणून पुढचं लिहिते आहे.

ॲप नको असं माझं म्हणणं नाही. जुन्या पद्धतीत सगळं गोड होतं असंही नाही. नंबर लावायला संध्याकाळी साडेचारपासून लोक पायरीवर बसायचे. दोन-दोन तास बाकावर खोकणाऱ्यांच्या शेजारी तान्ही मुलं असायची. कोविडनंतर तर ती गर्दी नकोशीच वाटायची. माझी सून बाळाच्या लसीची वेळ ॲपवर घेते आणि ऑफिसमधून थेट पोचते, तिला ते फार सोयीचं पडतं. ते राहू दे.

पण नंबर देणारा माणूस काढून टाकताना काय गेलं, ते कुणी बघितलं नाही. कंपाउंडरकाका नंबराचा पत्र्याचा बिल्ला देताना पेशंटकडे बघायचे. चष्म्याच्या वरून, नीट. एकदा माझ्यासमोरची गोष्ट आहे. पावसाळा होता, दवाखाना भरलेला. एक गृहस्थ आले, हातात ३१ नंबर आला, भिंतीला टेकून उभे राहिले. काकांनी वहीतून मान वर केली, त्यांच्या शर्टाची कॉलर घामाने भिजलेली बघितली, आणि उठून सरळ त्यांच्या दंडाला धरून आत नेलं. तेव्हा आत ९ नंबर चालू होता. बाहेर तीसेक माणसं बसलेली, एकानेही आवाज केला नाही. तुम्ही तिथेच ईसीजी काढलात आणि दहा मिनिटांत त्यांना रिक्षाने हॉस्पिटलला पाठवलंत. ते गृहस्थ पुढे कित्येक वर्षं दिवाळीला काकांसाठी फराळ घेऊन यायचे.

ते गृहस्थ आज आले असते तर त्यांना क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितलं असतं. ॲपला घाम दिसत नाही, धाप ऐकू येत नाही. त्याच्या लेखी पायाला खाज सुटलेला आणि छातीत दुखणारा, दोघांनाही सहा-सहा मिनिटं. बाकीच्या सगळ्या तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

स्लॉट सकाळी सातला उघडतात आणि पाच-सात मिनिटांत संपतात. सातला ज्याच्या हातात मोबाईल आणि चांगलं नेटवर्क, त्याला डॉक्टर मिळतो. आपल्याकडचे पेशंट कोण आहेत ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली तेव्हा वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. त्या कंपन्यांत ज्यांनी लेथ आणि प्रेस चालवल्या ते लोकमान्यनगर, सावरकरनगर, किसननगरमध्ये राहिले आणि तुमच्याकडे आले. कंपन्या गेल्या, तिथे काचेच्या इमारती आल्या. ही माणसं इथेच म्हातारी झाली. त्यांना बोटांनी मायक्रोमीटर वाचता यायचा, पण ओटीपी तीस सेकंदांत टाकता येत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांचा ओटीपी पुण्याला मुलाच्या मोबाईलवर जातो. मुलगा सकाळी सातला कंपनीच्या बसमध्ये असतो. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंकडे बटणांचा फोन आहे. त्यांनी काय करायचं?

ताप आदल्या दिवशी सांगून येत नाही. जुलै ते सप्टेंबर ठाण्यात घरोघरी कुणीतरी तापलेलं असतं. वंदना टॉकीजजवळ किंवा स्टेशनच्या बाजूला पाणी साचलं की माणसं गुडघाभर पाण्यातून घरी येतात. अशा पाण्यातून चाललेल्यांनी लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका टाळायला ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, हे तुम्हीच आम्हाला वर्षानुवर्षं सांगत आलात. तुमच्या दाराशी त्याचा कागदही लागायचा. ७२ तास म्हणजे तीन दिवस. स्लॉट चौथ्या दिवशीचा.

वेळेचं बंधन एकाच बाजूला आहे. पेशंट दहा मिनिटं उशिरा आला की अपॉइंटमेंट रद्द आणि आधी भरलेले पैसे गेले. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून कासारवडवलीहून इथवर यायला कधी पाऊण तास लागतो, कधी दीड. आणि माझ्या स्वतःच्या गुडघ्याच्या वेळी ६.४० चा स्लॉट होता, आत गेले ८.१५ ला. तुम्ही राउंडला अडकला असाल, एखादा पेशंट जास्त वेळ घेतोच, ते मी समजू शकते. पण तुम्हाला उशीर होतोय हा एक मेसेज ॲपवर आला नाही. आगाऊ पैसे मागणारे मेसेज मात्र वेळेवर येतात. हेल्थ चेकअप पॅकेजच्या जाहिरातीही येतात. मी ह्यांच्या झडपेची माहिती ॲपमध्ये भरली ती डॉक्टरांसाठी भरली, जाहिरातींसाठी नाही.

फोनबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ते माझं काम होतं. १९८७ ते ३१ जानेवारी २०२० पर्यंत, स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत, मी एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीत होते. त्यातली बरीच वर्षं १९८ वर, म्हणजे तक्रारी घ्यायला. लोक चिडलेले असायचे, कुणाची लाइन महिनाभर बंद, कुणाच्या घरी आजारी माणूस. आमच्या हातात लाइन दुरुस्त करणं नव्हतं. पण फोन उचलायचा, ऐकून घ्यायचं, तक्रार लिहायची आणि नंबर द्यायचा, एवढं होतं आणि ते आम्ही केलं. समोरच्याला कळायचं की आपलं म्हणणं कुणीतरी कागदावर घेतलंय. पाऊस लागला की एका पाळीत शेकड्याने फोन यायचे, तरी रिसीव्हर बाजूला काढून ठेवायची परवानगी कुणालाच नव्हती. तुमच्याकडे संध्याकाळच्या तीन तासांत किती फोन येत असतील? ते उचलायला एक माणूस पुरेल. रेकॉर्ड लावणं म्हणजे रिसीव्हर काढून ठेवणंच झालं.

आणखी एक. जुने केस पेपर कपाटातून हलवले. विचारलं तर स्कॅनिंग चालू आहे म्हणतात. माझ्या सासूबाईंपासूनचे सगळ्यांचे कागद त्यांत आहेत.

कायद्याची भाषा मला तुमच्याशी बोलायची नाही, पण नियम काय म्हणतात ते मी मुलाकडून काढून घेतलं आणि वाचलं. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की एकदा पेशंट हाती घेतला की डॉक्टरने त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय त्याला सोडू नये. तातडीच्या वेळी बोलावणं आलं तर प्रतिसाद द्यावा. पेशंटने आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत. आणि २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांनुसार डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर किंवा मेसेजवरही सल्ला देऊ शकतात आणि त्याची फी घेऊ शकतात. म्हणजे जुन्या पेशंटचा एक आकडा बघून 'आज गोळी घेऊ नका' एवढं सांगायला नियमाची आडकाठी नाही. फी घ्या. पूर्ण घ्या. आम्ही कधी फीवरून वाद घातलेला नाही.

आमच्या मागण्या पुढे लिहिते. 'आमच्या' म्हणते, कारण आमच्या सोसायटीतल्या आणि शेजारच्या दोन चाळींतल्या ३८ जणांनी मूळ पत्रावर सह्या केल्यात.

१. दवाखाना उघडा असेपर्यंत काउंटरवर एक जाणतं माणूस बसवा, जे पेशंटकडे बघेल आणि ज्याला नंबर पुढे-मागे करायचा अधिकार असेल. छातीत दुखणं, धाप, रक्त जाणं, लहान मुलाचा जोराचा ताप, अशांना स्लॉट विचारू नये.

२. रोजच्या स्लॉटपैकी काही ॲपवर न टाकता त्याच दिवशी दाराशी येणाऱ्यांसाठी ठेवा. किती, ते तुम्ही ठरवा, पण ठरवून दाराशी लिहा. पावसाळ्यात जास्त ठेवा.

३. रिपोर्ट दाखवायला अपॉइंटमेंट नको. ज्यांच्या औषधाचा डोस रिपोर्टवर ठरतो, आयएनआर असो की साखर, त्यांचा कागद त्याच संध्याकाळी तुमच्या टेबलावर जायला हवा. काउंटरवर एक ट्रे ठेवला तरी पुरे.

४. फोन माणसाने उचलावा. साध्या फोनवरून नंबर लागावा.

५. डॉक्टर अर्ध्या तासापेक्षा जास्त मागे असतील तर मेसेज यावा. तशा दिवशी पेशंटने अपॉइंटमेंट सोडली तर पैसे परत मिळावेत.

६. आमची माहिती जाहिरातींसाठी वापरू नये. जुने केस पेपर कुठे आहेत ते लेखी कळवावं आणि मागणाऱ्याला त्याची प्रत द्यावी.

नव्या व्यवस्थापनाला विनंती आहे की ॲप बनवणाऱ्यांना एक संध्याकाळ दवाखान्यात बाकावर बसवा. क्यूआर कोडसमोर मोबाईल धरून हात थरथरणारी माणसं त्यांनी बघावीत. स्कॅन झालं नाही की ती माणसं भांडत नाहीत, घरी निघून जातात. म्हणून तुमच्या सिस्टीममध्ये त्यांची नोंदही होत नसेल.

डॉक्टर, तुम्हाला एक आठवण देते. २००५ च्या २६ जुलैला सगळं ठाणं पाण्यात होतं, वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही मेणबत्ती लावून दवाखाना उघडला होता आणि रात्री उशिरापर्यंत एकेकाला तपासत होतात. माझ्या मुलाला तेव्हा ताप होता. नंबर कुणी विचारला नाही. कंपाउंडरकाका दारात कंदील घेऊन उभे होते आणि तोंड बघून एकेकाला आत सोडत होते.

ह्यांची पुढची रक्ततपासणी येत्या गुरुवारी आहे. रिपोर्ट संध्याकाळी सातपर्यंत हातात येतो. मी ॲपवर स्लॉट घेतलेला नाही. साडेसातला मी तो कागद घेऊन तुमच्या काउंटरपाशी येईन आणि कोपऱ्यात तुमच्या हातचं दोन ओळींचं उत्तर मिळेपर्यंत थांबेन.

आपली,
२६ वर्षांची एक पेशंट
लोकमान्यनगर, ठाणे